फ्लॉरेन्सहून निघालेला पाईप: परदेशातून कोल्हापुरात चित्रं पाठवणाऱ्यांसाठी आणि इथं ती उतरवून घेणाऱ्यांसाठी

चौकटवाला

मंगळवार पेठेत माझं फ्रेमा करायचं छोटं दुकान आहे. माझा एक वर्गमित्र इटलीत, फ्लॉरेन्सला राहतो. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. तो रंगवत राहिला, मी चौकटींकडे वळलो. तिकडे काढलेली चित्रं तो कोल्हापुरात प्रदर्शनासाठी पाठवतो आणि इथं ती उतरवून घ्यायची, ताणायची, टांगायची जबाबदारी माझी असते. आजवर तीन खेपा झाल्या. चौथी परवा तिकडून निघाली. त्याचं नाव लिहीत नाही, त्याचीच तशी इच्छा आहे.

मुंबईच्या गॅलऱ्यांकडे या कामाची सराईत माणसं असतात. आपल्याकडे मित्र नाहीतर धाकटा भाऊ पेटी आणायला जातो, आणि ती उघडल्यावर पुढं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मलाही नव्हतं. म्हणून हा धागा.

पहिली खेप २०१७ ची. नऊ चित्रं, सगळी ३० × ४० इंच, स्ट्रेचरवर, म्हणजे आतल्या लाकडी चौकटीवर ताणलेली, लाकडी पेटीत. पेटी भक्कम होती, कोपरे शाबूत होते. पण तिकडच्या पॅकिंगवाल्याने बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला होता. मुंबईच्या गोदामात पेटी उकाड्यात पडून राहिली, रंग आतून पुरता वाळलेला नव्हता, आणि एका चित्राच्या आकाशावर बुडबुड्यांचे वळ उठले. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, ओळीने. मी ते चित्र दुकानात भिंतीला तोंड करून ठेवलं आणि दोन दिवस त्याला फोन करायचं धाडस झालं नाही. शेवटी केला. तो एवढंच म्हणाला, "उरलेली आठ लाव. नववं मी पुन्हा काढीन."

त्यानंतर आम्ही जे शिकलो ते लिहितो.

तेलरंग पाणी उडून वाळावं तसा वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. बोटाला लागत नाही म्हणजे वाळलं असं नव्हे. पातळ थराला काही आठवडे पुरतात, जाड थर आतून महिनोन् महिने ओला असतो. वॉर्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबतात, ते याच कारणाने. आता तो पाठवायच्या चित्रांवर शेवटचा हात आठ महिने आधी फिरवतो आणि वॉर्निश न लावताच पाठवतो. वॉर्निश इथं आल्यावर.

दुसरं, चित्र पेटीऐवजी पाईपमधून गुंडाळून पाठवायचं असेल तर रंग बाहेरच्या बाजूला. सगळ्यांना उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं, रंग आत सुरक्षित राहील म्हणून. पण आत गुंडाळला की रंगाचा थर चुरगळतो आणि उलगडताना त्या वळ्या तडकतात. बाहेर असला तर थोडा ताणला जातो आणि सपाट केल्यावर जागेवर येतो. पाईप जितका जाड तितका चांगला. आम्ही आठ इंची वापरतो. बारीक नळकांड्यात कोंबलेलं चित्र मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं पाहिलं आहे, कडेचे जाड फटकारे खपल्यांसारखे सुटले होते. ज्याने रंग थापून काढलाय ते चित्र गुंडाळूच नये, त्याला पेटीच हवी.

दोन चित्रांच्या मध्ये ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद. वर्तमानपत्र अजिबात नको, शाई उतरते. बबल रॅप फक्त सगळ्यात बाहेरून, पाईपभोवती.

इथं आल्यावर घाई करू नका. पाईप उघडायच्या आधी एक दिवस खोलीत तसाच राहू द्या, त्याला इथली हवा लागू द्या. मग स्वच्छ सुती चादरीवर रंग वर करून पसरा आणि कॅनव्हास आपोआप बसू द्या. ताणताना आधी चारी बाजूंचे मध्य पकडायचे, समोरासमोर, आणि तिथून कोपऱ्यांकडे सरकायचं. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली तर दुसऱ्या टोकाला हमखास तिरकी सुरकुती येते. स्ट्रेचरच्या कोपऱ्यांतल्या पाचरी शेवटी, आणि हलक्या हाताने. आपल्या पावसाळ्यात कॅनव्हास आणि लाकूड दोन्ही हलतात. जूनमध्ये पाचर ठोकून टणटणीत केलेलं चित्र जानेवारीत वेगळंच वागतं.

स्ट्रेचर मी इथंच करतो. लाकूड मुरलेलं पाहिजे, हे फ्रेमवाल्याला सांगायची गरज नसावी, पण सांगतो. ओल्या लाकडाची चौकट वर्षभरात पिळवटते आणि चित्रालाही पिळवटते.

बाकीच्यांनी आपापले अनुभव लिहावेत. पाठवणाऱ्यांनीही आणि घेणाऱ्यांनीही.


गंगावेशकर

भावा, मनापासून लिहिलंस. पहिलं प्रदर्शन मी दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात पाहिलं होतं. आठ चित्रं आणि एक रिकामी जागा. आम्हाला वाटलं होतं एक विकलं गेलं असेल. खरं कारण आज कळलं.

त्यातलं छत्रीचं, म्हणजे राजाराम महाराजांच्या स्मारकाचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. कोल्हापूरच्या निम्म्या लोकांना माहीत नाही की आपले राजाराम महाराज १८७० साली फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. युरोपचा दौरा करून परत निघाले होते. ३० नोव्हेंबरला तिथं देह ठेवला, आणि त्या शहरात हिंदू पद्धतीने नदीकाठी दहन झालं. त्या जागेवर १८७४ साली छत्री उभी राहिली. चित्राखाली एवढं सगळं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं आणि लोक चित्राइतकाच वेळ त्या चिठ्ठीपाशी उभे होते. माझ्या शेजारचे एक आजोबा हात जोडून उभे राहिले. चित्राला हात जोडलेले मी देवळाबाहेर पहिल्यांदाच पाहिले.


उत्तरवारा

मी नॉर्वेत असते, माहेर कोल्हापूर. चौकटवाले दादा, तुमची माहिती तेलरंगाची आहे. ॲक्रिलिकवाल्यांसाठी माझा अनुभव जोडते.

ॲक्रिलिक लवकर वाळतं म्हणून निर्धास्त राहू नका. ते थंडीत कडक आणि ठिसूळ होतं, उन्हाळ्यात मऊ आणि चिकट. मी जानेवारीत गॅरेजमध्ये, हीटर न लावता कॅनव्हास गुंडाळला. गुंडाळतानाच बारीक आवाज आला, काचेवर नख ओढल्यासारखा. उलगडून पाहिलं तर सबंध निळ्या पट्ट्यावर केसांसारख्या रेघा. आता चित्र आणि पाईप दोन्ही एक रात्र उबदार खोलीत ठेवते आणि मगच गुंडाळते. उलट टोकाला, मे महिन्यात मुंबईत उतरलेली दोन चित्रं एकमेकांना चिकटली होती, कारण मध्ये साधं प्लास्टिक घातलं होतं. ॲक्रिलिक प्लास्टिकला धरून बसतं. सिलिकॉनचा लेप असलेला कागद मिळतो, तो वापरा.

इथं ऑस्लोत चित्रकार अंबादास राहायचे. अकोल्याचा माणूस, १९७२ पासून शेवटपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत इथंच. त्यांची चित्रं मी इथं पाहिली तेव्हा नकळत मराठीत काहीतरी बोलले, आणि बाजूचा माणूस वळून बघायला लागला. चित्र कुठल्या गावाचं, हे पत्त्यावरून ठरत नाही हे मला तेव्हा जाणवलं. तरीही माझी चित्रं कोल्हापुरात लागावीत असं मला वाटतंच. का, ते नीट सांगता येत नाही.


पन्हाळा_पायथा

कुणाला दुखवायचा हेतू नाही, पण एक स्पष्ट विचारतो. एवढा खटाटोप कशासाठी? विमानाचं भाडं, एजंट, कर, विमा, इथली चौकट, दालनाचं भाडं. कोल्हापुरात या किमतीची चित्रं घेणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. पाठवायचीच तर मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीत लावा, तिथं घेणारे येतात. नाहीतर उत्तम फोटो काढा, इथं मोठ्या छापील प्रती काढून लावा. दहाव्या हिश्शात काम होतं, चित्राला धोकाही नाही. माझा पुतण्या कॅनडात चित्रकार आहे, त्याला मी हेच सांगितलं.


सहार_कार्गो

मी मुंबई विमानतळावर क्लिअरिंगच्या कामात तीस वर्षं काढली, आता निवृत्त होऊन राजारामपुरीत असतो. खर्चाचा विषय निघालाच आहे म्हणून आधी हिशोब सांगतो, कारण बहुतेक लोक तिथंच फसतात.

कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन बघतात तसं आकारमानाचं वजनही बघतात आणि जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. चौकटवाल्यांची पहिली पेटी मी अंदाजाने १२० × ९५ × ५० धरतो. ती झाली ११४ किलो, आत हलकी चित्रं असली तरी. तीच नऊ चित्रं पाईपमध्ये, बाहेरचं खोकं १३० × २५ × २५ धरलं, तर सव्वासोळा किलो. सातपट फरक. ज्यांची चित्रं गुंडाळण्याजोगी आहेत त्यांचा निम्मा प्रश्न इथंच मिटतो.

आता कागद. हाताने रंगवलेलं मूळ चित्र कस्टम्सच्या यादीत ९७०१ या शीर्षकाखाली येतं. छापील प्रत ४९११ खाली. दोन्हींचा कर वेगळा, म्हणून यादीत नुसतं 'पिक्चर्स' लिहून सोडू नका. प्रत्येक चित्राचं माप, माध्यम, साल, किंमत, छोटा फोटो, आणि 'हे मी स्वतः रंगवलेलं मूळ काम आहे' असं चित्रकाराच्या सहीचं पत्र. सोबत इथल्या दालनाच्या बुकिंगचं पत्र. 'गिफ्ट' लिहू नका, किंमत शून्य लिहू नका. शून्य किंमत बघून अधिकारी पेटी बाजूला काढतो, आणि बाजूला काढलेली पेटी उन्हात असते की सावलीत, हे तुमच्या हातात राहत नाही. किंमत खरी लिहिली नसेल तर विम्याचेही पैसे येत नाहीत.

चित्रं दाखवून परतच न्यायची असतील तर एटीए कार्ने काढा, म्हणजे कर न भरता माल तात्पुरता आणायचा कागद. इटलीत ते चेंबर ऑफ कॉमर्स देतं, भारतात हे काम फिक्की या उद्योग संघटनेकडे आहे. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. त्यावर आलेलं चित्र इथं विकता येत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. विकायचा विचार असेल तर सरळ आयात करा आणि कर भरा. दर बदलत असतात, पाठवायच्या आठवड्यात एजंटाला विचारा, मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. इटलीतून निघताना हयात चित्रकाराच्या कामाला तिथल्या निर्यात कार्यालयात स्वतःचं लेखी निवेदन द्यावं लागतं, ते चित्रकाराने स्वतःच करावं.

लाकडी पेटीवर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा, गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं. त्याचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलंय, आत कीड नाही. हा शिक्का नाही म्हणून उत्तम चित्रं अडकून पडलेली मी पाहिली आहेत. ज्याने पेटी केली त्या सुताराला ठाऊकच नव्हतं.

पन्हाळा_पायथा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर चौकटवाले देतील. मी फक्त एवढंच म्हणतो की १८९३ साली राजा रविवर्म्यांनी दहा चित्रं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला बोटीने पाठवली होती. तेव्हा तर पेटी महिनोन् महिने समुद्रावर. लोकांनी मूळ चित्र बघावं यासाठी माणसं फार पूर्वीपासून हा खटाटोप करत आली आहेत.


चौकटवाला

सहारकाका, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून दुकानात लावणार आहे.

पन्हाळा_पायथा, तुमचा प्रश्न रास्त आहे. तीन खेपांत मिळून इथं पाचच चित्रं विकली गेली, त्यातली दोन नातेवाइकांनी घेतली. पैशाच्या हिशोबात हे बसत नाही. का करतो ते सांगतो, जरा लांबेल.

दुसरी खेप २०१९ ची. पाईप ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुण्यापर्यंत आला आणि महापूर आला. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गाव बेटासारखं. व्हीनस कॉर्नरला पाणी, शाहूपुरीत कुंभार गल्लीत तयार गणपती भिजलेले. त्या दिवसांत चित्रांचं नाव काढायचीही लाज वाटत होती. मी मित्राला कळवलं की प्रदर्शन पुढं ढकलू. तो म्हणाला, पाईपचं सोड, सरांच्या घरात पाणी आलंय का ते बघ.

सर म्हणजे आमचे निसर्गचित्रणाचे शिक्षक. निवृत्त होऊन खूप वर्षं झाली. त्यांनी आम्हाला दर रविवारी पहाटे रंकाळ्यावर नेलं, संध्यामठ समोर ठेवून बसवलं. आपले जुने चित्रकार आबालाल रहिमान ज्या पाण्याकडे बघत बसायचे त्याच पाण्याकडे बघा, म्हणायचे. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, पाणी कुठल्याच रंगाचं नसतं, आधी आकाश बघा.

पाणी ओसरलं, चित्रं आली, डिसेंबरात लावली. त्यात एक रंकाळा होता. मित्राने फ्लॉरेन्समध्ये आठवणीने काढलेला. फोनवर फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, हेच या खेपेतलं सगळ्यात चांगलं चित्र. सर आले, काठी भिंतीला टेकवली, चित्रापासून वीतभर अंतरावर उभे राहिले. बराच वेळ. मग मला म्हणाले, "चित्र चांगलं आहे. पण हा रंकाळा नव्हे. याच्या सावल्या बघ, गार आहेत. त्याने तिथल्या नदीचं पाणी आपल्या तळ्यात ओतलंय."

मी चित्र सोडवलं आणि कलादालनाबाहेर उजेडात धरलं. सर म्हणत होते तेच खरं होतं. फोनच्या पडद्यावर ते मला दिसलं नव्हतं. छापील प्रतीवरही दिसलं नसतं, कारण छापखान्याने तो गारवा आपल्या शाईने झाकला असता. ते दिसायला तोच कॅनव्हास, तोच रंग आणि आपला उजेड लागला. आणि ज्याला हा रंकाळा पाठ आहे असा डोळा लागला. मुंबईत लावलं असतं तर ते चित्र 'सुंदर तळं' म्हणून विकलं गेलं असतं आणि चूक कुणाला कळलीच नसती.

सरांचे शब्द मी मित्राला जसेच्या तसे सांगितले. तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, मला रंगपट्ट्या पाठव.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी पहाटे, भर दुपारी आणि सूर्य बुडताना रंकाळ्यावर बसतो आणि प्रायमर दिलेल्या कॅनव्हासच्या चार इंची पट्ट्यांवर डोळ्यांना दिसेल तो रंग मिसळून लावतो. पाणी, घाट, समोरची झाडी, दूरचा ऊस. मागे तारीख आणि वेळ. मी कॉलेजनंतर ब्रश सोडला होता. या पट्ट्यांनी तो पुन्हा हातात आला. पट्ट्या वाळल्या की पाकिटातून फ्लॉरेन्सला जातात. चित्रं तिकडून इकडे येतात, रंग इकडून तिकडे जातात.

सर गेल्या वर्षी गेले. तिसरी खेप त्यांनी पाहिली होती.


मधुमालती

वाचून थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

मी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवते. तिसऱ्या प्रदर्शनाला सातवीची मुलं घेऊन आले होते. आमच्या मुलांनी चित्र म्हटलं की छापील कॅलेंडर नाहीतर मोबाईल पाहिलेला असतो. एका मुलीने चित्राला बाजूने, अगदी कडेला डोळा लावून बघितलं आणि ओरडली, "बाई, यात उंचवटे हायत!" मग सगळी मुलं बाजूने बघायला लागली. ब्रशचे केस कुठे फिरलेत ते त्यांना दिसलं, एक खरा केससुद्धा रंगात अडकलेला सापडला. परत येताना बसमध्ये सगळी चर्चा त्या केसाची. पुढच्या तासाला पाण्याच्या रंगातसुद्धा ती जाड थर द्यायला लागली.

पन्हाळा_पायथा यांना छापील प्रतींबद्दल हेच सांगेन. प्रतीला बाजूने बघता येत नाही.

चौथ्या खेपेला मुलं आणू का? शाळेकडून पत्र लागेल का?


गंगावेशकर

सरांबद्दल ऐकून वाईट वाटलं. रंकाळ्यावर पांढरा सदरा घालून बसलेले मी त्यांना लहानपणी पाहिलेत.

आबालालांचं नाव निघालंच आहे. शाहू महाराज १९२२ साली गेले, आणि त्या दुःखात आबालालांनी आपली ढीगभर चित्रं कोटीतीर्थाच्या तळ्यात सोडली, असं आपल्याकडे सांगतात. लहानपणी कोटीतीर्थाकडनं जाताना माझे वडील सायकल थांबवायचे आणि म्हणायचे, ह्यात खाली चित्रं हायत. मी लई वर्षं पाण्यात वाकून बघायचो. ज्या गावानं एवढी चित्रं पाण्यात घालवली त्या गावात कुणी साडेसहा हजार किलोमीटरवरनं कोरडी चित्रं पाठवत असेल, तर भिंतीला खिळा ठोकायला आपण गेलंच पाहिजे. टांगायच्या दिवशी मी शिडी घेऊन येतो. पोरगंही येईल.


पन्हाळा_पायथा

माझा प्रश्न मागे घेत नाही, कारण पुतण्याच्या खिशाचा मला विचार करावा लागतो. पण सरांची गोष्ट वाचल्यावर त्याला हा धागा पाठवला. त्याने विचारलंय, पट्ट्यांवर नुसता रंग पुरतो का? जो उजेड आपण विसरत चाललोय तो पट्टीतून कळतो का? याचं उत्तर तिकडचा चित्रकारच देऊ शकेल.


आर्नोकाठचा

धागा माझ्याच चित्रांचा आहे, म्हणून लिहिणार नव्हतो. पण पुतण्याच्या प्रश्नासाठी लिहितो.

फ्लॉरेन्स कोल्हापूरच्या खूप उत्तरेला आहे, साधारण ४४ अक्षांशावर. आपण पावणेसतरावर. डिसेंबरात इथं पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, दिवस जेमतेम नऊ तासांचा. सूर्य वर चढतच नाही, भिंतींच्या कडेकडेने जातो. माझ्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. त्या खिडकीतला उजेड स्थिर असतो, चित्रकाराला सोयीचा, पण निळसर. त्या उजेडात मिसळलेला पांढरा मला पांढरा दिसतो. दसरा चौकातल्या दालनात तो आजारी दिसतो. हे मला सरांच्या एका वाक्याने कळलं. नाहीतर दहा वर्षं मी आपल्या पाण्याला गार करत राहिलो असतो आणि त्याला आठवण म्हणत राहिलो असतो.

पट्टी ही उजेड दाखवत नाही. पट्टी माझी चूक दाखवते. पहाटेची पट्टी मी इझलवर चित्राशेजारी टाचतो, आणि चित्रातला तोच भाग तिच्यापेक्षा किती वेगळा आहे ते बघतो. दोन्ही एकाच खोलीत, एकाच खिडकीखाली असतात, म्हणून खिडकीचा दोष दोघांनाही सारखाच लागतो. मग जो फरक उरतो तो माझ्या विसरण्याचा. पुतण्याला सांगा, घरच्या कुणाला तरी पट्ट्या रंगवायला लाव. चित्रकारच हवा असं नाही. रोज तिथून जाणारा माणूस हवा.

दुसरं असं की, इथली मातीही कामाला येते. बर्न्ट सिएना हा रंग ज्या सिएनाच्या नावाचा, ते गाव इथून दीड तासावर आहे. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी जातं आणि ती लाल होते. आमच्या आजीच्या घरी तुळशीवृंदावनाला गेरू लागायचा, त्याच्या जवळचाच रंग. पहिल्यांदा ती पूड हातावर घेतली तेव्हा मी वास घेऊन बघितला. गंगावेशकर, तुम्ही ज्या छत्रीच्या चित्राबद्दल लिहिलंत त्याची जमीन याच मातीची आहे.

छत्री काशिने बागेच्या टोकाला आहे. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या मिळतात तिथं. आतला महाराजांचा अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडवला, आणि छत्रीचा आराखडा मेजर मॅन्टचा. म्हणजे ज्याने नंतर आपला नवा राजवाडा रेखला तोच. जवळच्या पुलालाही लोक 'इंडियानो', म्हणजे 'भारतीय', म्हणूनच ओळखतात. इथल्या माणसांना तो कुठला इंडियानो ते सांगता येत नाही. मी सांगतो. कोल्हापूर हा शब्द ते 'कोलापूर' असा म्हणतात. या वेळच्या अकरा चित्रांतली चार तिथलीच आहेत, चार ऋतूंची. हिवाळ्याच्या चित्रात नदीवर धुकं आहे आणि छत्री अर्धीच दिसते.

मधुमालतीताई, मुलांना जरूर आणा. पत्र नको. त्यांनी बाजूने बघावं म्हणून मी या वेळी दोन चित्रं खालच्या उंचीवर लावायला सांगितली आहेत. मित्रा, मध्यरेषा जमिनीपासून साडेतीन फुटांवर धर.


उत्तरवारा

"रोज तिथून जाणारा माणूस हवा" हे वाचून मी आईला फोन केला. ती पंचाहत्तर वर्षांची आहे, रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारते. तिला विचारलं, रंग लावशील का? म्हणाली, रांगोळीचे चालतील का? मी म्हटलं, चालतील. चौकटवाले दादा, तिला तुमच्या दुकानात पाठवू का? चार पट्ट्या प्रायमर मारून द्याल?


चौकटवाला

पाठवा. मावशींना म्हणावं बारानंतर या, सकाळी करवत चालू असते, धूळ असते. पट्ट्या तयार ठेवतो.

पाईप सोमवारी पोचला. सहारकाकांनी कागद बघून दिले होते, मुंबईत दोनच दिवस लागले. एक दिवस बंद ठेवून उघडला. अकरा चित्रं, मध्ये ग्लासिन, एकालाही ओरखडा नाही. पण पहिलं उलगडलं आणि पोटात गोळा आला. हिवाळ्याची छत्री, आणि धुकं पिवळं. चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं.

मित्राला फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला. म्हणाला, घाबरू नको, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. पाईपमध्ये भरायच्या आधी ते चित्र पाच महिने कपाटात होतं. म्हणून काही जण पांढऱ्यासाठी करडईचं तेल वापरतात, ते कमी पिवळं पडतं, पण त्याचा थर नाजूक राहतो, म्हणून मी जवसच वापरलं. त्याला उजेड दाखव. थेट ऊन नको, खिडकीजवळ ठेव.

ज्यांना चित्रं मिळतील त्यांनी हे लक्षात ठेवा. पिवळेपणा बघून कापूस, पाणी, साबण काही लावू नका.

दुकानाच्या वरच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी आहे. तिथं चादर अंथरून चित्र पाठीला फळी देऊन उभं केलंय, ऊन येतं तेवढ्यापुरता पातळ पडदा ओढतो. गंगावेशकर काल शिडी टाकायला आले होते, तेही अर्धा तास बसून गेले. कोपऱ्यात मी कागदाची एक पट्टी टाचून ठेवली आहे, तिच्याखालचा भाग झाकलेला राहावा म्हणजे फरक कळेल.

आज नववा दिवस. पट्टी उचलून पाहिली. खाली अजून पिवळं आहे. बाजूचं धुकं पांढरं होत आलंय, आणि त्यात छत्रीचा कळस दिसायला लागलाय, जो पाईप उघडला त्या दिवशी मला दिसलाच नव्हता.